माप शिकागोत, शिवण हाँगकाँगमध्ये

अंगाबरहुकूम सूट शिवायचा तर गिऱ्हाइकाला शिंप्यासमोर निदान तीनदा उभं राहावं लागतं. पहिल्यांदा मापासाठी, दुसऱ्यांदा कच्च्या टाक्यांवरच्या ट्रायलसाठी आणि तिसऱ्यांदा जवळजवळ तयार झालेला कोट चढवून बघण्यासाठी. दुकान दोन गल्ल्या सोडून असेल तर हे सगळं महिना-दीड महिन्यात उरकतं. पण गिऱ्हाईक शिकागोत, शिवणारे हात हाँगकाँगमध्ये किंवा लंडनमध्ये आणि मास्टरची फेरी तीन-चार महिन्यांनी एकदा, अशी स्थिती असेल तर? तरीही असे सूट शिवले जातात आणि अंगावर नीट बसतात. मापापासून सूट हातात पडेपर्यंत आठ-दहा महिने सहज जातात, आणि तेवढी वाट बघणारी गिऱ्हाइकं पिढ्यान् पिढ्या टिकून राहतात.

आपल्याकडे लग्नघरी शिंपी बसवायची पद्धत होती. तो मशीन घेऊन यायचा, पडवीत बैठक मांडायचा आणि घरातल्या लहानथोरांचे कपडे तिथेच बेतून, शिवून, घालून बघून मगच उठायचा. तोही फिरताच शिंपी, पण तो सगळं बिऱ्हाड घेऊन फिरायचा. इथे ज्याच्याबद्दल लिहितो आहे त्याचं मशीन, इस्त्री, कारागीर सगळे घरी राहतात. फिरतात ती टेप आणि नजर. त्यामुळे त्याचं सर्वांत अवघड काम सुई चालवणं हे नाही. समोर नसलेलं शरीर महिनोन् महिने बिनचूक लक्षात ठेवायचं आणि ज्यानं ते कधी पाहिलंच नाही अशा कारागिराच्या हाती ते तसंच्या तसं पोचवायचं, यात त्याचा कस लागतो.

या धंद्याची एक वाट लंडनमधून निघते. मेफेअर भागातली सॅव्हिल रो ही छोटी गल्ली शिंप्यांची म्हणून जगभर ओळखली जाते. हेन्री पूल या पेढीनं १८४६ साली आपल्या दुकानाचं तोंड त्या गल्लीकडे केलं, आणि हळूहळू आजूबाजूला इतर नामांकित दुकानं जमली. श्रीमंत अमेरिकन गिऱ्हाईक आधी स्वतःच लंडनला यायचं. मग मास्टर त्याच्याकडे जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला डॉलरची फार निकड होती. त्या काळात कटिंग मास्टर कापडाच्या नमुन्यांनी आणि अर्धवट शिवलेल्या कोटांनी ट्रंका भरून बोटीनं न्यूयॉर्कला जात, आणि एक फेरी म्हणजे घरापासून कित्येक आठवड्यांची ताटातूट असे. विमानं आली तशा फेऱ्या आखूड झाल्या, पण संख्येनं वाढल्या. घरच्यांच्या दृष्टीनं यात फायदा किती झाला हे सांगणं कठीण आहे.

दुसरी वाट हाँगकाँगची, आणि तिचा एक धागा आपल्या उल्हासनगर-पिंपरीपर्यंत येतो. सिंधमधल्या हैदराबादचे, सिंधवर्की म्हणून ओळखले जाणारे व्यापारी एकोणिसाव्या शतकापासून इजिप्त, सिंगापूर, जपान, हाँगकाँग असे पसरले होते. १९४७ च्या फाळणीत सिंधमधलं घर गेलं. कुटुंबातली काही माणसं मुंबईत, कल्याणजवळच्या छावणीत (आजच्या उल्हासनगरात), पुण्याच्या पिंपरीत येऊन राहिली आणि काही आधीच परदेशात असलेल्या भावा-काकांकडे गेली. १९४९ मध्ये चीनमध्ये सत्ता पालटली तेव्हा शांघायचे शिंपीही हाँगकाँगला आले. त्यांतले बरेच मूळचे निंगबो भागातले, युरोपी धाटणीचा कोट शिवण्यात मुरलेले. विकणारे सिंधी आणि शिवणारे शांघायचे, असा जोड तिथे जमला. नेथन रोडवरचं सॅम्स टेलर हे प्रसिद्ध दुकान १९५७ सालचं. आधी ब्रिटिश पलटणी, मग व्हिएतनाम युद्धाच्या काळात सुट्टीवर आलेले अमेरिकन सैनिक आणि खलाशी, यांनी ही दुकानं भरून जात. ‘चोवीस तासांत सूट’ ही ख्याती तेव्हाची. तो सैनिक घरी परतला, नोकरीला लागला आणि त्याला दुसरा सूट हवासा वाटला. तो काही सुटासाठी पुन्हा हाँगकाँगला येणार नव्हता, म्हणून शिंपीच त्याच्या गावी जाऊ लागला.

हे जाणं कायद्यात बसतं का, हा प्रश्न अमेरिकेत रीतसर उभा राहिला. हाँगकाँगच्या एका शिवणपेढीचा माणूस अमेरिकेत फिरून मापं घेत होता आणि ऑर्डरी घरी पाठवत होता. ही अमेरिकेत केलेली नोकरी म्हणायची की व्यापारी भेट? ‘मॅटर ऑफ हीरा’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणाचा निकाल १९६६ मध्ये कायम झाला. धंद्याचं मुख्य ठाणं परदेशात, नफाही परदेशातच जमा होणार, त्यामुळे व्यापारी भेटीच्या व्हिसावर माप घेणं चालेल, असं ठरलं. अमेरिकेतल्या व्यापारी व्हिसाचा विषय निघाला की वकील आजही या निकालाचा हवाला देतात. एका टेपवाल्याच्या फेरीवरून एवढा महत्त्वाचा दंडक पडावा, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता प्रत्यक्ष फेरीकडे वळू. फेऱ्यांचे हंगाम ठरलेले असतात. वसंतात मार्च ते मे आणि शरदात सप्टेंबर ते नोव्हेंबर. ऑगस्टमध्ये गिऱ्हाइकं सुट्टीवर, डिसेंबरच्या शेवटी नाताळ. दीड-दोन महिने आधी जुन्या गिऱ्हाइकांना तारखा कळवल्या जातात. पूर्वी स्थानिक वर्तमानपत्रात हॉटेलचं नाव आणि तारीख देऊन छोटी जाहिरात यायची, आता ईमेल जातो. शहराच्या कचेऱ्यांच्या भागातलं, पण भपका नसलेलं हॉटेल निवडायचं. खोली घेताना एक गोष्ट आवर्जून बघतात, ती म्हणजे खिडकी. विजेच्या पिवळट उजेडात गडद निळा आणि काळा यांतला फरक कळत नाही, आणि कोटाच्या पाठीवर पडणारी बारीक सुरकुतीही दिसत नाही.

सामान दोन प्रकारचं. पहिलं म्हणजे कापडाचे नमुने. प्रत्येक गिरणीचा बोटभर जाडीचा एक गठ्ठा, आणि असे पुष्कळ. वजनाला हे फार भारी. दुसरं म्हणजे मागच्या फेरीतल्या मापांवरून कच्चे शिवलेले कोट आणि पँटी. नमुने म्हणून तात्पुरता माल देशात नेऊन परत आणायचा तर एटीए कार्ने नावाचा दस्तऐवज चालतो, त्यावर मालाची यादी असते आणि जाता-येता कस्टमचा शिक्का लागतो. कच्चे कोट हातातल्या बॅगेत ठेवायचा बहुतेकांचा शिरस्ता आहे. विमानकंपनीनं मोठी बॅग हरवली तर नमुने पुन्हा मागवता येतात, पण वीस जणांचे कच्चे कोट गेले तर वीस जणांची चार-चार महिन्यांची वाट पाहणं फुकट जातं.

माप घेताना दोन माणसं असली तर फार बरं. एक टेप धरून आकडे सांगतो, दुसरा लिहून घेतो. छाती, कंबर, सीट, पाठीची लांबी, खांद्याची रुंदी, बाही, मनगट, मांडी, आतली लांबी, बाहेरची लांबी. एका सुटाला पंचवीस-तीस मापं होतात. पण आकडे हा यातला सोपा भाग. छाती चाळीस इंच असलेली दोन माणसं शेजारी उभी करा, एकाची पाठ गोल असेल आणि दुसऱ्याची छाती पुढे काढलेली. टेपला दोघं सारखीच. फरक मास्टरच्या डोळ्यांनाच दिसतो, आणि तो लिहून ठेवावा लागतो.

म्हणूनच अनुभवी मास्टर टेप काढण्याआधी गप्पा मारतो. प्रवास कसा झाला, मुलं काय करतात. माणूस आरशासमोर उभा राहिला की आपोआप ताठ होतो, पोट आत घेतो, खांदे मागे नेतो. दोन-चार मिनिटांच्या बोलण्यात तो सैलावतो आणि नेहमीसारखा उभा राहतो. तेवढ्यात मास्टर त्याच्या मागून, बाजूनं एक फेरी मारतो. उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली आहे, जे उजव्या हातानं कामं करणाऱ्यांमध्ये पुष्कळदा दिसतं. मान पुढे आलेली आहे. पायांना बाक आहे. हे सगळं मोठ्यानं सांगायचं नसतं. माणसानं विश्वासानं आपलं शरीर पुढे केलेलं असतं, त्याचे दोष त्याच्या देखत वाचून दाखवणं अशोभनीय. म्हणून लंडनच्या मास्टरांनी दोन-तीन अक्षरांच्या खुणा केल्या. पडलेल्या उजव्या खांद्याची एक, बाकदार पायांची एक, गोल पाठीची एक. मास्टर आकड्यांच्या मध्येच ती अक्षरं पुटपुटतो, लिहिणारा लिहून घेतो. हल्ली समोरून, बाजूनं आणि पाठीमागून फोटोही काढतात. फोटोचा उपयोग होतो, पण कोटाखाली हात घालून खांद्याचं हाड कुठे संपतं ते बोटांनी चाचपावं लागतं, ते फोटोत येत नाही.

कापडाची निवड हे एक वेगळंच प्रकरण आहे. दोन तुकड्यांच्या सुटाला दुहेरी पन्ह्याचं सुमारे साडेतीन मीटर कापड लागतं. गिऱ्हाईक कापडाला हात लावतं आणि तलमपणावर भाळतं. सुपर १००, सुपर १२० हे आकडे लोकरीच्या तंतूचा बारीकपणा सांगतात. सुपर १०० म्हणजे जाडी फार तर १८.७५ मायक्रॉन. आकडा चढला म्हणजे कापड टिकाऊ झालं असं मुळीच नाही, उलट फार तलम कापड लवकर झिजतं आणि त्यावर चुण्या पडतात. चांगला मास्टर आधी विचारतो, कुठल्या हवेत घालणार, बसून काम की फिरतं? शिकागोच्या थंडीसाठी मीटरला चारशे ग्रॅम वजनाचं कापड योग्य, सिंगापूरला किंवा मुंबईला अडीचशेच्या आसपासचं, मोकळ्या विणीचं. महागाचं कापड खपवण्यापेक्षा योग्य वजनाचं कापड देणारा मास्टर पुढची वीस वर्षं ते गिऱ्हाईक सांभाळतो.

मास्टर घरी परतला की पहिलं काम कागदावर. त्या माणसाच्या मापांवरून जाड खाकी कागदावर त्याच्या नावाचा बेत काढला जातो. पुढचा भाग, पाठ, बाही, कॉलर. हा कागद म्हणजेच गिऱ्हाईक. तो खिळ्याला टांगून वर्षानुवर्षं जपतात, शरीर बदललं की त्यावरच दुरुस्त्या करतात. मग कापडावर कागद ठेवून खडूनं रेघा मारायच्या आणि लांब पात्याच्या कात्रीनं कापायचं. कापताना शिवणीत माया जास्तच ठेवतात, पाठीच्या मधल्या शिवणीत, बाजूला, पँटच्या मागे. आपल्या शिंप्यानंही मुलांच्या कपड्यात माया ठेवलेली असायची, वाढत्या अंगासाठी. इथे ती पुढच्या ट्रायलमध्ये चूक निघाली तर उपयोगी पडते, आणि पुढच्या दहा वर्षांत पोट सुटलं तरी.

यानंतर कोट कारागिराकडे जातो. कोट शिवणारा वेगळा, पँट शिवणारा वेगळा, काज-बटणं आणि अस्तराची हातशिलाई करणारा वेगळा. हा कारागीर त्या गिऱ्हाइकाला जन्मात पाहणार नसतो. कापडाखाली लोकर आणि घोड्याच्या केसांचा कॅनव्हास असतो. घोड्याचा केस आडव्या धाग्यात विणलेला असल्यामुळे छातीला आडवा ताठपणा येतो आणि उभ्या बाजूनं कॅनव्हास मऊ राहतो. पहिल्या ट्रायलसाठी हे सगळं पांढऱ्या सुती दोऱ्याच्या लांब टाक्यांनी नुसतं धरून ठेवतात. गडद निळ्या कापडावर ते पांढरे टाके, खिसे नाहीत, बटणं नाहीत, कॉलर तात्पुरती. न शिवणाऱ्या माणसाला वाटेल की हा कोट कुणीतरी अर्ध्यावर टाकून दिला. शिवणाऱ्याला मात्र त्या कोटात सगळं बदलण्याजोगं दिसत असतं.

दुसरी फेरी. तेच हॉटेल, तेच गिऱ्हाईक, चार महिन्यांनी. कच्चा कोट अंगावर चढतो आणि मास्टर चार पावलं मागे जातो. कोट आता बोलायला लागतो. कॉलरखाली पाठीवर आडवी वळी पडली, तर माणूस मास्टरनं धरला होता त्यापेक्षा ताठ उभा राहतो आहे, पाठीची लांबी जास्त झाली आहे. कॉलरपासून उजव्या काखेकडे तिरपी चुणी पडली, तर उजवा खांदा अजून थोडा खाली घ्यायला हवा. बाहीवर चुण्या आल्या पण लांबी बरोबर आहे, तर दोष लांबीत नाही. त्या माणसाचा हात नैसर्गिकपणे जसा लोंबतो त्याच्याशी बाही जुळलेली नाही, ती मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या घेरात, थोडी फिरवून लावावी लागेल. मास्टर सरळ कॉलर ओढून काढतो, खांद्याची शिवण उसवतो, कापड बोटानं हवं तिथे सरकवून टाचण्या लावतो आणि खडूच्या रेघा मारतो. पहिल्यांदा हे बघणारं गिऱ्हाईक दचकतं. आपला महागाचा कोट हा माणूस आपल्याच अंगावर फाडतो आहे असं त्याला वाटतं. पण कच्चा टाका असतो तो उसवण्यासाठीच.

सगळ्यांत जास्त लक्ष मुंढ्याकडे. नवखा माणूस म्हणतो, हात नीट हलवता यावा म्हणून मुंढा मोठा ठेवा. होतं उलट. मुंढा मोठा आणि खोल असला की हात उचलताच सगळा कोट वर येतो. तो काखेजवळ, लहान ठेवला तर हात वर गेला तरी कोट जागेवर राहतो. तयार कोट अनेक अंगांवर बसवायचा असतो, म्हणून त्याचा मुंढा मोठा ठेवावा लागतो. अंगाबरहुकूम शिवलेल्या कोटातला फरक बहुतेकांना इथे, हात उंचावून टॅक्सी थांबवताना, पहिल्यांदा जाणवतो.

या ट्रायलनंतर कोट घरी जातो आणि पुन्हा सुटा केला जातो. सगळे टाके काढून, कापड इस्त्री करून, नव्या खुणांप्रमाणे पुन्हा बेतून. मग खरी शिलाई. लोकरीच्या कापडात जे करता येतं ते सुतात नाही. ओल आणि उष्णता लागली की लोकरीच्या तंतूतले रेणूंचे बंध ढिले होतात आणि थंड होताना नव्या आकारात पुन्हा घट्ट होतात. कारागीर ओलं फडकं आणि जड इस्त्री घेऊन कापड कुठे आकसवतो, कुठे ताणतो, आणि सपाट तुकड्याला छातीचा उभार, मांडीचा बाक देतो. कोटाच्या पुढच्या वळणाला, म्हणजे लॅपलला, आतून शेकडो बारीक टाके घालतात. गोधडी घालणारी बाई जसे टाके घालते तसे ओळीनं, फक्त कापड बोटावर वळवून धरलेलं असतं, त्यामुळे शिवून झाल्यावर लॅपल स्वतःहून वळते, इस्त्रीनं दाबून वळवावी लागत नाही. सॅव्हिल रोवरच्या शिंप्यांची संघटना २००४ साली स्थापन झाली. दोन तुकड्यांच्या सुटाला निदान पन्नास तासांचं हातकाम हवं, असा तिचा दंडक आहे. तिसऱ्या फेरीत हा जवळजवळ पुरा झालेला सूट अंगावर बघायचा, बाहीची आणि पँटची लांबी ठरवायची, उरलेलं घरी करून कुरिअरनं पाठवायचं. आयातकर भरायचा तो बहुधा गिऱ्हाइकानं.

हाँगकाँगचे सगळेच असं करत नाहीत हे सांगायला हवं. पुष्कळ दुकानं माप घेतात आणि दीड-दोन महिन्यांत तयार सूट थेट टपालानं पाठवतात, मधली ट्रायल होतच नाही. त्यांची किंमत लंडनच्या मानानं फारच कमी असते. साध्या बांध्याच्या माणसाला असा सूट ठीक बसतो. पण उजवा खांदा पडलेला, पाठ गोल असलेला माणूस असेल तर ट्रायल नसलेल्या सुटात नशिबावर हवाला ठेवावा लागतो. हाँगकाँगमध्ये ट्रायल घेणारी, कोट पुन्हा उसवून नीट करणारी चांगली दुकानंही आहेत, आणि शहराचं नाव बघून दुकानाची पारख करणं अन्यायाचं आहे.

हे सगळं चालतं त्या काळात घर कसं चालतं, याकडे फार कुणाचं लक्ष जात नाही. लंडनचा कटिंग मास्टर बहुधा पगारी, कोट शिवणारा नगावर पैसे घेणारा. मास्टर परदेशात असला तरी कारागिरांना काम पुरवावं लागतं, कारण हात रिकामे राहिले तर त्यांच्या घरी पैसे जात नाहीत. हाँगकाँगच्या सिंधी दुकानांत धंदा कुटुंबाचाच. एक भाऊ फेरीवर असतो, दुसरा गल्ल्यावर, वडील जुन्या गिऱ्हाइकांशी बोलायला. बऱ्याच घरांत ऑर्डरींची नोंद, कुरिअर, येणी-देणी हे घरातल्या बायका बघतात. कुठला कोट कुठल्या कारागिराकडे आहे आणि कुठल्या तारखेला विमानात बसायला हवा, हे डोक्यात असणारं माणूस बहुधा घरातच असतं, फेरीवर नसतं. हॉटेलच्या खोलीतला माणूस नावाजला जातो. ते नाव घरातल्या या माणसाला मिळत नाही, आणि मिळायला हवं.

न्यूयॉर्क आणि हाँगकाँग यांच्यात उन्हाळ्यात बारा तासांचं अंतर आहे, हिवाळ्यात तेरा. म्हणजे उन्हाळ्यात हाँगकाँगला मुलं शाळेला निघण्याआधीची सकाळी सातची वेळ न्यूयॉर्कला संध्याकाळी सातची. नेमकी तीच वेळ कचेरी सुटल्यावर ट्रायलला येणाऱ्या गिऱ्हाइकांची. रात्री नऊला शेवटचं गिऱ्हाईक गेलं की हाँगकाँगचा कारखाना उघडतो. मग दिवसभराच्या नोंदी पुसट व्हायच्या आत नीट लिहून पाठवायच्या, कारागिराच्या शंकांना उत्तरं द्यायची. मुलाशी बोलणं राहूनच जातं, नाहीतर दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या दहा मिनिटांत उभ्याउभ्या होतं.

सणांचंही तसंच. गुढीपाडव्याच्या सुमारास येणारा सिंध्यांचा चेटीचंड वसंतातल्या फेरीत सापडतो आणि दिवाळी शरदातल्या. दोन्ही मोठे सण घरचा कर्ता परदेशात असताना येतात. सगळे एकत्र सापडतात ते चिनी नववर्षात, जानेवारी-फेब्रुवारीत, कारण तेव्हा कारागीर सुट्टीवर जातात आणि कारखाना बंद असतो. मुंबई-उल्हासनगरच्या नातेवाइकांकडे येणं, लग्नकार्यं उरकणं हे त्या बंदच्या आसपास बसवावं लागतं. म्हणजे सिंधी घराची सुट्टी चिनी पंचांगावर आणि विरह अमेरिकन कचेऱ्यांच्या वेळापत्रकावर.

पासपोर्ट हीही या घरांची एक चिंता होती. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे जाणार हे ठरल्यावर, तिथल्या चिनी नसलेल्या आणि दुसरं नागरिकत्व नसलेल्या रहिवाशांचं काय, हा प्रश्न आला. ब्रिटननं १९९७ मध्येच कायदा करून त्यांना ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणीची वाट करून दिली. ज्याचं पोट विमानतळ ओलांडण्यावर आहे त्याच्या लेखी तो कायदा किती मोठा असेल, हे सांगायला नको.

सर्वांत कठीण काळ आला २०२० मध्ये. फेऱ्या एका झटक्यात थांबल्या. त्या वर्षाच्या डिसेंबरअखेरीपासून हाँगकाँगला परतणाऱ्याला हॉटेलात एकवीस दिवस वेगळं राहावं लागे. दहा दिवसांच्या फेरीसाठी तीन आठवडे कोंडून घेणं कुणाला परवडणार? कच्चे कोट खिळ्यांवर लटकत राहिले, आणि ज्यांच्यासाठी ते बेतले त्यांची शरीरं घरी बसून बदलत गेली. काहींनी व्हिडिओवर ट्रायल घेऊन पाहिली. लंडनच्या हंट्समन या दुकानानं तर लांबून चालवता येणारा, कॅमेरा लावलेला रोबो गिऱ्हाइकाच्या देशात ठेवून मास्टरला लंडनमधून बघता येईल अशी सोय केली. बघायला त्याचा उपयोग झाला, टाचणी लावायला मात्र तिथे दुसऱ्या माणसाचे हात लागलेच. बंदी उठल्यावर फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या, यात मला नवल वाटत नाही.

पुढची पिढी या धंद्यात येते ती बहुधा लिहिणारा म्हणून. मुलगा किंवा उमेदवार मास्टरबरोबर फेरीवर जातो आणि कोपऱ्यात उभा राहून आकडे आणि खुणा टिपतो. गिऱ्हाइकाला त्याचा चेहरा ओळखीचा होतो. तीन-चार वर्षांनी एखाद्या फेरीत मास्टर टेप त्याच्या हाती देतो आणि स्वतः वही घेतो. गिऱ्हाईकही हे ओळखतं. जे घर असं करत नाही, म्हातारा मास्टर थकल्यावर अचानक नवखा माणूस पाठवतं, त्याची निम्मी गिऱ्हाइकं पुढच्या फेरीला येत नाहीत. पुष्कळ मुलांना हे नकोही असतं. वडिलांची दिवाळी फोनवर गेलेली त्यांनी पाहिलेली असते, आणि त्यांना दोष देता येत नाही.

न्यू जर्सीत, सिंगापुरात किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या कुणा वाचकाला अशा मास्टरकडे सूट शिवायचा असेल तर पैसे देण्याआधी त्याला विचारा, पुढच्या फेरीला कोण येणार, माप घेणाराच कापणार का, मधली ट्रायल होणार का आणि माझा कागदी बेत किती वर्षं ठेवणार. निम्मी रक्कम आगाऊ मागणं रीतीचं आहे, सगळी मागणं नाही. मापाला जाताना खिशात नेहमीचं पाकीट आणि फोन असू द्या, कारण कोट त्यांच्यासकटच अंगावर बसायचा आहे. आणि त्या सुटाखाली जे बूट घालणार तेच घालून जा. पँटची लांबी बुटाच्या टाचेवरून ठरते, आणि चार महिन्यांनी मास्टर परत येईपर्यंत ती कुणाला बदलता येत नाही.